तुमचे किडे काय खातात?

इंग्लंडमधल्या आमच्या लीड्सच्या घरात जिन्याखाली एक बुटकं कपाट आहे. पूर्वी त्यात छत्र्या, पावसाळी बूट आणि व्हॅक्युम क्लीनर असायचा. आता तिथे प्लॅस्टिकचे चार खण एकावर एक बसवले आहेत, मागच्या अंगाला ऊब देणारी चटई लावली आहे आणि एक थर्मामीटर टांगला आहे. दार उघडलं की गव्हाच्या कोंड्याचा वास येतो. गावच्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभं राहिल्यावर यायचा तोच, कोरडा, गरमसर, नाकात बसणारा. त्या वासासाठी मी कधीकधी कपाटासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहते.

खणांमध्ये किडे आहेत. मी ते वाढवते, त्यांना खाऊपिऊ घालते, आणि त्यांतले थोडे दिवसाआड संध्याकाळी बुंदीला देते.

बुंदी ही पाल आहे. लेपर्ड गेको म्हणतात तिच्या जातीला. पिवळं अंग आणि त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके. सप्टेंबर २०१९ मध्ये, लेकाच्या आठव्या वाढदिवसाला, ती आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बोटाएवढी होती. लेकाने तिला पाहिलं आणि म्हणाला, "बुंदीच्या लाडवासारखी दिसते." नाव तिथेच ठरलं.

पाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येते ती ट्यूबलाइटच्या मागे चिकटलेली, पारदर्शक पोटाची. ती चुकचुकली की माझी आजी जमिनीवर बोट टेकून "कृष्ण, कृष्ण" म्हणायची. बुंदी वेगळी आहे. तिच्या पायांना चिकटायचे पंजे नाहीत, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही, मांजरासारखी जमिनीवरून चालते. आणि तिला पापण्या आहेत. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती डोळे मिटूच शकत नाही. बुंदी झोपताना डोळे मिटते. तिच्या प्रजातीच्या ग्रीक नावाचा, युब्लेफॅरिसचा, अर्थच मुळी 'खऱ्या पापण्यांची'. या जातीचं वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली केलं. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते, आणि नमुना होता पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतला. तिची एक चुलत जात आपल्या महाराष्ट्रातल्या खडकाळ माळांवर राहते. अनेक ठिकाणी लोक तिला विषारी समजून ठेचतात. तिच्यात विषाचा एक थेंबही नसतो. आपल्याकडे रानातले असे प्राणी पकडून पाळायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथे विकल्या जाणाऱ्या या पाली पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरात जन्मलेल्या असतात.

तिला आणलं तेव्हा दुकानात सांगितलं होतं, अळ्यांचा एक डबा घ्या, संपला की दुसरा घ्या, बास. मीलवर्म म्हणजे पिठातल्या अळ्या. पिवळ्या, टणक, बोटाच्या पेराएवढ्या. मी तो डबा फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवायचे. दर दोन दिवसांनी चार अळ्या काढायच्या, वाटीत टाकायच्या. बुंदी यायची, मान तिरकी करायची, शेपटीचं टोक थरथरवायची आणि झडप घालायची. मला वाटायचं सगळं नीट चाललंय.

जानेवारी २०२० मध्ये लेकाच्या लक्षात आलं की ती पोट उचलून चालत नाही. ओढत चालते. मागच्या पायाची बोटं थरथरतात. आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी एक्स-रे काढला. हाडं पडद्यावर धुक्यासारखी दिसत होती, कडा नसलेली. त्यांनी विचारलं, "काय खाते?" मी सांगितलं, अळ्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"आणि तुमचे किडे काय खातात?"

मी म्हटलं, काही नाही, ते फ्रिजमध्ये असतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तिला तुम्ही रोज रिकामा डबा देताय."

घरी येताना गाडीत लेक रडत होता आणि मी गप्प होते. ज्या घरात मी वाढले, तिथे गाय दुधाला कमी पडली तर आधी तिच्या गव्हाणीत काय आहे ते बघायचे. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरीही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण अळी हे मला खाद्य वाटत होतं, खाणारा जीव वाटत नव्हता.

किड्याला हाडं नसतात. म्हणून त्याच्या अंगात कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. पालीला पाहिजे बरोबर उलटं, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. ते बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून ते ओढायला लागतं. रानात ती दहा जातींचे किडे खाते, आणि त्या किड्यांच्या पोटात पानं, फुलं, बिया, माती असं काय काय असतं. म्हणजे किडा ही एक चालती पिशवी आहे. आपण तिच्यात जे भरू ते पालीपर्यंत पोहोचतं. त्यासाठी घालायच्या आदल्या एक-दोन दिवसांत किड्यांना पोटभर चांगलं खाऊ घालायचं, आणि ऐनवेळी डब्यात थोडी कॅल्शियमची पूड टाकून तो हलवायचा. शेंगदाण्यांना तिखटमीठ लावतो तसंच.

डॉक्टरांनी औषध दिलं, दिवा बदलायला सांगितला. आणि मी किड्यांच्या जेवणाचा विचार करायला लागले.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. किडे टपालाने यायचे ते उशिरा यायला लागले. एकदा खोका उघडला तर आतले दोनशे रातकिडे मेलेले होते, आणि जे दहा-बारा जिवंत होते ते मेलेल्यांना खात होते. तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता घरीच करायचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग जिन्याखालच्या कपाटातून व्हॅक्युम क्लीनर बाहेर काढायला लागला.

सुरुवात रातकिड्यांपासून केली. मोठा पारदर्शक खोका, झाकणाला बारीक धातूची जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, म्हणजे त्यांना लपायला जागा आणि आम्हाला ते झटकून काढायला सोपे. तापमान तीस अंशांच्या आसपास. एका डबीत ओलसर माती. मादीच्या मागे सुईसारखी लांब नळी असते, ती मातीत खुपसून ती अंडी घालते. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढुरकी, जराशी वाकलेली. ती डबी उचलून दुसऱ्या उबदार खोक्यात ठेवायची आणि माती सुकू द्यायची नाही. आमच्याकडे तेराव्या दिवशी माती जिवंत झाली. मोहरीपेक्षा लहान पिल्लं, त्यांना मिशा, पाय, सगळं होतं. लेकाने भिंग लावून पाहिलं आणि आवाज खाली आणला, जणू मोठ्याने बोललं तर ती जागी होतील.

त्यातली अर्धी मी पहिल्याच आठवड्यात घालवली. पाण्याची बशी ठेवली होती, बाटलीच्या झाकणाएवढी. त्यात ती बुडून मेली. पाण्याचा एक थेंबही त्यांच्यासाठी विहीर असतो. मग पाण्याऐवजी ओला कापूस, काकडीची चकती, गाजर. उरलेल्यांतली बरीच पुढच्या महिन्यात गेली. थंडीची म्हणून मी झाकणाची जाळी टॉवेलने झाकली, आत वाफ धरली, लेंड्या भिजल्या, आणि दोन दिवसांत खोक्याला अमोनियाचा वास सुटला. ते किडे मी आणले नसते तर जन्मलेच नसते, हे खरं. पण जन्मल्यावर त्यांना हवा देणं माझं काम होतं. मी त्या दिवशी मागच्या अंगणात खड्डा करून ते पुरले. पालीच्या तोंडी जाणारा किडा आणि माझ्या निष्काळजीपणाने गुदमरलेला किडा, यांत मला तेव्हापासून फार मोठा फरक वाटतो.

जगलेल्यांना पंख फुटले आणि एका रात्री कपाटातून आवाज सुरू झाला. रातकिडा पायांनी नाही, पंखांनी गातो. एका पंखावरची दातेरी शीर दुसऱ्यावर घासतो. फक्त नर. ऊब वाढली की गाणं जलद होतं, उतरली की मंदावतं. अमोस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये यावरून तापमान काढायचं गणितच मांडलं होतं. नवऱ्याला त्या आवाजात झोप येईना. मला मात्र इतक्या वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आमचं घर. पावसाळ्यात दिवे गेले की बाहेरचा अंधार ज्या आवाजाने भरायचा, तो इंग्लंडमधल्या जिन्याखालून येत होता. मी उशीवर डोकं ठेवून आईच्या खाटेचा आवाज ऐकू येतो का ते ऐकत पडायचे.

पुढे रातकिडे बंद केले. एकजण जागा आणि एकजण झोपलेला, असं घर चालत नाही. पण ते दोन महिने माझे आहेत.

त्याच वर्षी मे महिन्यात आईचा फोन आला. ती जोरजोरात बोलत होती आणि मागे डबे वाजत होते. "टोळ आले वं, टोळ! आभाळ दिसत नाही!"

मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात वाळवंटी टोळांची धाड राजस्थानातून मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरली. अमरावतीत मोर्शी, वरूड, आमच्याकडे आष्टी, पुढे नागपूरकडे काटोल. सगळा संत्र्यांचा पट्टा. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकांनी बाल्कन्यांतून थाळ्या वाजवल्या होत्या, आता शेतांत वाजवत होते. दिवसा डबे, धूर, फटाके. रात्री टोळ झाडांवर बसले की ट्रॅक्टरने फवारणी. भाऊ तीन रात्री बांधावर होता. आईने फोन उंच धरून मला दाखवायचा प्रयत्न केला. पडद्यावर नुसते काळे कण दिसले, मग तिचा पदर, मग पुन्हा कण.

फोन ठेवून मी वळले, तर ओट्यावर एक प्लॅस्टिकचा डबा होता. त्याच आठवड्यात बुंदीसाठी आलेला. आत वीस टोळ. इथे पाळीव सरड्या-पालींसाठी जे टोळ विकतात, त्यांतली एक जात हीच असते, वाळवंटी टोळ. माझ्या भावाच्या संत्र्याच्या बागेवर बसलेला आणि माझ्या ओट्यावर बसलेला, एकाच जातीचा. पुदिन्याच्या पानाची कड कुरतडत होता. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

टोळाची गोष्ट मला अजूनही पूर्ण पचलेली नाही. एकटा असतो तेव्हा तो साधा नाकतोडा. हिरवट, मातकट, दुसरा दिसला की दूर सरकणारा. गर्दीत सापडला की बदलतो. रंग पिवळा-काळा होतो, दुसऱ्यांकडे ओढला जातो, एका दिशेने चालायला लागतो. पूर्वी या दोन वेगळ्या जाती समजत. बोरिस उव्हारोव्ह या कीटकशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये दुसऱ्या एका टोळाबद्दल दाखवून दिलं की ही एकाच किड्याची दोन रूपं आहेत. आणि हा बदल सुरू होतो कसा, तर मागच्या मांडीला दुसऱ्यांचे धक्के लागून. प्रयोगशाळेत एकट्या टोळाच्या मागच्या मांडीला रंगाच्या कुंचल्याने पुन्हा पुन्हा स्पर्श केला, तर काही तासांत त्याचं वागणं कळपातल्यासारखं होतं. त्याच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारं रसायन वाढतं, हे २००९ साली कळलं. पाऊस पडतो, वाळवंट हिरवं होतं, टोळ वाढतात. मग ते वाळतं, हिरवे तुकडे थोडे उरतात, आणि सगळे त्यांवर दाटीवाटीने येतात. धक्के लागतात. एक चौरस किलोमीटरच्या धाडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि अशी धाड एका दिवसात पस्तीस हजार माणसांइतकं खाऊ शकते.

माझ्या डब्यातले वीसच्या वीस पिवळे-काळे होते. वीत-दीड वीत जागेत जन्मले आणि वाढले होते, दुसरं काय होणार. पुढच्या खेपेपासून मी त्यांना मोठ्या खोक्यात सोडायला लागले, उभ्या काड्या आणि ताजं गवत देऊन. बुंदी टोळ खाते तेव्हा सगळ्यात जास्त धावते. पण टोळ मी घरी वाढवले नाहीत. त्यांना अंडी घालायला बोटभर खोल ओली वाळू लागते, तीस अंशांच्या वर ऊब लागते, रोज ताजा पाला लागतो, हे सगळं जमलं असतं. जमत नव्हतं ते भावाशी फोनवर बोलताना.

तेव्हा उरल्या अळ्या. जिथून सुरुवात केली होती तिथेच परत आले, फक्त आता फ्रिजमधून कपाटात.

पिठातल्या अळीला लिनेयस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये तेनेब्रिओ मॉलिटॉर असं लॅटिन नाव दिलं. तेनेब्रिओ म्हणजे अंधारात वावरणारा, मॉलिटॉर म्हणजे दळणारा. अंधारातला गिरणीवाला. जुन्या गिरण्यांत, कोठारांत हा किडा माणसाबरोबर राहत आला आहे. सवयी अगदी थोड्या. कोरडा गव्हाचा कोंडा, पाण्यासाठी गाजराचा तुकडा, अंधार, पंचवीस-सव्वीस अंशांची ऊब. सगळ्यात वरच्या खणात काळे भुंगेरे, म्हणजे याच अळ्यांचं पूर्ण वाढलेलं रूप. त्यांची अंडी कोंड्याला चिकटतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून भुंगेरे दुसरीकडे काढले तरी खालचा कोंडा टाकायचा नाही, वाट बघायची. महिना-सव्वा महिन्याने त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काही दिसायला लागतं. अळी वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते. कात टाकल्यावर तासाभरासाठी ती दुधासारखी पांढरी आणि मऊ असते, आणि बुंदीला तीच सगळ्यात आवडते. अडीच-तीन महिन्यांनी ती वाकते, हलणं थांबवते, कोष होते. कोषाला डोळे, दुमडलेले पाय, पंखांचे आकार, सगळं दिसतं, जणू पांढऱ्या मेणात कोरलेलं. त्यातून भुंगेरा येतो तो आधी फिका, मग तांबूस, मग काळाभोर.

तिची एक मोठी बहीण आहे, मोरिओ अळी. ती कळपात असेपर्यंत कोष करतच नाही. तिला एकटीला एका डबीत अंधारात ठेवलं, की काही दिवसांत गोल वळते आणि बदलायला लागते. टोळ गर्दीत बदलतो, ही एकांतात. लेकाने औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या जमवून प्रत्येकीवर चिठ्ठी लावली होती. शाळा बंद असलेल्या त्या महिन्यांत तो रोज सकाळी उठून आधी त्या डब्या उघडायचा. मी काही म्हटलं नाही, पण तोही चार महिने एका खोलीत एकटाच वाढत होता.

२०२१ च्या हिवाळ्यात माझा कोंडा बिघडला. वर तपकिरी धुळीचा थर दिसायला लागला. बोट फिरवलं तर धूळ परत जागेवर सरकली. धूळ चालत होती. पिठातल्या बारीक किडींनी सगळा खण भरला होता, भुंगेरे सुस्त झाले होते, अळ्या पृष्ठभागावर येऊन पडल्या होत्या. मी त्याचा व्हिडिओ काढून दोन-तीन जाणत्यांना पाठवला. आणि का कोण जाणे, आईलाही पाठवला.

हे आईला तोवर सांगितलं नव्हतं. पाल आहे हे तिला माहीत होतं, किडे पाळते हे नव्हतं. आई माळकरी. घरात वर्षाचं धान्य भरायचं तेव्हा चार दिवस तिचं दुसरं काही नसायचं. गहू, ज्वारी गच्चीवर पसरून ऊन दाखवायची, तूरडाळीला एरंडेल चोळायची, कडुनिंबाचा पाला वाळवून थरांमध्ये घालायची, मग पिंपाच्या झाकणाला शेणमातीने लिंपायची. सोंडे झालेले दिसले तर ते मारायची नाही. भर दुपारी धान्य पसरलं की सोंडे स्वतःच कडेकडेने चालत बाहेर जायचे, मुंग्यांसारखे रांगेने. आई सावलीत बसून बघायची. "त्याइले जाऊ द्या," म्हणायची.

तिचा फोन आला. मला वाटलं, विचारेल, हे काय करून राहिली. तिने विचारलं, "बटाटा टाकला व्हता का?"

टाकला होता. गाजर संपलं म्हणून बटाट्याच्या जाड चकत्या.

"ओल धरली त्याने. कोंडा हातात घे, मूठ दाब. गोळा होते का?"

मी मूठ दाबली. गोळा झाला.

"मंग किडी येईनच नाही तं काय. सगळं चाळून घे, जीव येगळे कर, कोंडा फेक. नवीन आणशीन तो आधी तापव. ऊन हाये का तिकडं?"

जानेवारीत लीड्समध्ये ऊन कुठलं. मी कोंडा ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवला, पूर्ण गार केला, मग भरला. तेव्हापासून दर वेळी तसंच करते. जाणत्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, त्यात हेच होतं.

मी आईला विचारलं, तुला वाईट वाटत नाही का, मी हे पाळते आणि त्या पालीला घालते याचं? तिने थोडा विचार केला. म्हणाली, "तिले घास कुठून येते हे तुले माहीत हाये ना? मंग झालं." आणि मग संत्र्याच्या भावाबद्दल बोलायला लागली.

आई जुलै २०२२ मध्ये इथे आली. सामानात कुरडया, तिळाची चटणी, आणि एक मैद्याची चाळणी, पितळी कडेची, आजीच्या वेळची. दुसऱ्याच दिवशी तिने कपाटाचं दार उघडून सगळे खण बाहेर काढायला लावले. पाल्याबद्दल तिचं स्वतःचं मत होतं. मी अळ्यांना पालक देत होते, कॅल्शियम भरपूर म्हणून. पण पालकातलं ऑक्झॅलेट ते कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, हे मला नंतर कळलं होतं. आईने कारण माहीत नसताना विचारलं, "शेवगा मिळत नाही का इथं?" आशियाई किराणा दुकानात शेवग्याच्या पानांची पूड मिळते. ती आता कोंड्यात जाते. लहानपणी माझा हात मोडला होता तेव्हा महिनाभर आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली होती, ते मला तेव्हा आठवलं.

आणि मग ऊन आलं. १९ जुलैला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा चाळीस अंशांच्या वर गेला. रेल्वेगाड्या रद्द झाल्या, शेजारी पडदे ओढून घरात बसले. आईने मागच्या अंगणात जुनी चादर अंथरली, विटा ठेवून कोपरे दाबले आणि दुकानातून आणलेला नवा कोंडा त्यावर पसरला. बाराला पसरला, चारला गोळा केला. मधे दोनदा हाताने वरखाली केला. पदर डोक्यावर घेऊन ती कुंपणाच्या सावलीत बसली होती. एक रॉबिन पक्षी येऊन चादरीच्या कडेला थांबला, तेव्हा तिने त्याच्यापुढे चिमूटभर कोंडा टाकला. इथे दहा वर्षं राहून मी त्या अंगणात असं कधी बसले नव्हते.

संध्याकाळी ती चाळायला बसली. चाळणीतून विष्ठा खाली पडते, वाळूसारखी बारीक, कोरडी. ती मेथीच्या कुंडीत जाते. वर अळ्या, काती, कोष राहतात. आई काती फुंकर मारून उडवायची, सुपातलं फोलपट उडवतात तशी, अळ्या एका ताटात, कोष दुसऱ्यात. कोष उचलताना तिने बोटांऐवजी चमचा घेतला. "हे झोपले हायेत," ती लेकाला म्हणाली. बुंदीला खाताना मात्र तिने एकदाही पाहिलं नाही. त्या वेळेला ती देवापुढे दिवा लावायला जायची.

बुंदीची हाडं भरली आहेत. डॉक्टरांनी नंतरच्या एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं होतं, कडा स्वच्छ दिसत होत्या. मागच्या पायाचं एक बोट थोडं वाकडं राहिलंय, ते तसंच राहणार. शेपटी जाड आहे. या पाली चरबी शेपटीत साठवतात, आमच्याकडे पिंपं असतात तशी. नीट सांभाळली तर ती आणखी पंधरा वर्षं जगेल. लेक तेव्हा पंचविशीच्या पुढे असेल. कपाट कोण सांभाळेल याचा विचार मी कधीकधी करते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई परत गेली. जायच्या आदल्या रात्री तिने एक खण स्वतः भरला. उन्हात वाळवलेला तिचा कोंडा, त्यात शेवगा, वर साठ भुंगेरे. बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून त्यावर तारीख लिहिली, तिच्या मराठी शाळेच्या ठसठशीत अक्षरात, जशी ती लोणच्याच्या बरण्यांवर लिहिते. तीन आठवड्यांनी मी भुंगेरे काढून घेतले आणि नुसता कोंडा ठेवला. रोज बघत होते. काही दिसत नव्हतं. खण हातात धरला की वजनही कोंड्याएवढंच.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका शनिवारी सकाळी, दार उघडून बराच वेळ उभी राहिले. दिवा तिरका धरला. कोंडा सपाट होता. मग एका कोपऱ्यात एक कण सरकला. त्याच्या शेजारी दुसरा. मग डोळे सरावले आणि सगळा खणच हलताना दिसायला लागला, अगदी हळू, चुलीवरच्या दुधावर साय धरायच्या आधी हलतं तसा.

मी व्हिडिओ काढून आईला पाठवला. तिकडे दुपार झालेली होती. तिने तो दोनदा पाहिला असणार, कारण फोन यायला थोडा वेळ लागला.

"निघाले?"

"निघाले."

"गाजर टाकलं का?"

"अजून नाही. इतके लहान आहेत."

"पातळ चकती टाक, कागदाएवढी," ती म्हणाली. "आन सकाळी काढून घे. ओल नको धरू देऊ."